सरोगसी एजन्सी निवडताना: पैसे भरायच्या आधी काय काय तपासायचं

सरोगसीच्या निर्णयापर्यंत पोचलेली जोडपी बहुतेक वेळा आधीच थकून गेलेली असतात. कुणाच्या आयव्हीएफच्या सायकल्स फेल गेलेल्या, कुणाची मिसकॅरेजेस झालेली, कुणाचं गर्भाशय काढावं लागलेलं, कुणाला हार्टच्या त्रासामुळे डॉक्टरांनी प्रेग्नन्सीचं नावच काढू नका म्हणून सांगितलेलं. अशा वेळी एखाद्या एजन्सीच्या बाईंनी फोनवर मायेनं विचारपूस केली आणि "आता सगळं आमच्यावर सोपवा" म्हटलं की गळा दाटून येतो, आणि आठवड्याभरात सही होऊन पहिला हप्ता गेलेलाही असतो. मला तुम्हाला नेमकं त्या आठवड्यातच थांबवायचंय.

एजन्सी तुमच्याशी किती गोड बोलते यावरून काहीही कळत नाही, कारण तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुमच्याशी सगळेच गोड बोलणार. बघायच्या गोष्टी दोनच, ती सरोगेटला, म्हणजे तुमचं बाळ पोटात वाढवणाऱ्या बाईला, कशी वागवते आणि तुमचे पैसे कुठे ठेवते. खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून याच दोन गोष्टींवर येतं.

इथे बोलतोय ते जेस्टेशनल सरोगसीबद्दल. म्हणजे एम्ब्रियो (अगदी सुरुवातीचा गर्भ) लॅबमध्ये तयार होतो, बीज आणि शुक्राणू तुमचे किंवा डोनरचे, सरोगेटचं बीज वापरलं जात नाही, त्यामुळे बाळाशी तिचं जनुकीय नातं नसतं. एजन्सीचं काम सरोगेट शोधणं, तिची तपासणी करून घेणं, तुमच्याशी मॅच करणं आणि मग क्लिनिक, वकील, इन्शुरन्स, एस्क्रो (तुमचे पैसे सांभाळणारा तिसरा, तटस्थ माणूस) या सगळ्यांना धरून बाळाच्या जन्मापर्यंत गाडी हाकणं. एजन्सी म्हणजे डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, आणि जी एजन्सी या दोघांच्याही वतीने तुम्हाला उत्तरं द्यायला लागते तिच्यापासून जरा जपूनच राहा.

आधी कायदा, मग एजन्सी

बरेच लोक उलटं करतात, आधी एजन्सी पसंत करतात आणि मग वकिलाला विचारतात. पहिला खर्च वकिलाच्या तासाभराच्या सल्ल्याचा करा, आणि तोही फर्टिलिटी कायद्यात रोज काम करणाऱ्या वकिलाचा, तुमच्या ओळखीच्या प्रॉपर्टीवाल्याचा नको.

कारण सरोगसीचा कायदा देशादेशात सोडाच, अमेरिकेत राज्याराज्यात वेगळा आहे. कॅलिफोर्नियात १९९३ च्या जॉन्सन विरुद्ध कॅल्व्हर्ट या निकालापासून, मूल जन्माला घालायचा मूळ हेतू कुणाचा होता याला महत्त्व आहे, त्यामुळे तिथे पालकांची बाजू भक्कम आहे. न्यूयॉर्कमध्ये मोबदला देऊन केलेली जेस्टेशनल सरोगसी फेब्रुवारी २०२१ पासून कायदेशीर झाली, आणि आता तिथे सरोगसी प्रोग्रॅमला राज्याच्या आरोग्य खात्याचं लायसन्स लागतं. मिशिगनमध्ये १९८८ पासून असे करार कायद्याने रद्दबातल होते, २०२४ मध्ये नवा कायदा मंजूर झाला तेव्हा चित्र बदललं. कॅनडात २००४ च्या कायद्याने सरोगेटला मोबदला द्यायला बंदी आहे, फक्त झालेला खर्च भरून देता येतो, आणि जुळवून देण्याबद्दल मध्यस्थाने पैसे घ्यायलाही बंदी आहे, म्हणून तिथल्या एजन्सीला तुम्ही नक्की कुठल्या कामाचे पैसे घेता हे स्पष्ट विचारावं लागतं. ब्रिटनमध्ये १९८५ पासून धंदा म्हणून जुळवाजुळव करणं गुन्हा आहे, ना-नफा संस्था चालतात, पण जन्मताच कायद्याने आई असते ती सरोगेटच, आणि पालकांना नंतर कोर्टाकडून पेरेंटल ऑर्डर, म्हणजे पालकत्वाचा आदेश, घ्यावी लागते.

भारतात २०२१ चा सरोगसी कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि पैसे देऊन सरोगसी पूर्ण बंद झाली. फक्त परोपकारी सरोगसी, सरोगेट २५ ते ३५ वयाची, स्वतःचं मूल असलेली, आयुष्यात एकदाच, आणि तिचा ३६ महिन्यांचा विमा पालकांनी काढायचा. व्यावसायिक सरोगसी केली तर १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्यामुळे भारतात कुणी "सरोगेट मिळवून देतो, पॅकेज असं असं" म्हणत असेल तर ती एजन्सी चांगली की वाईट हा प्रश्नच येत नाही, तो माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय एवढंच खरं. एजन्सीबद्दलचं पुढचं सगळं, जिथे एजन्सीज कायदेशीर आहेत तिथल्यासाठी आहे.

आता महत्त्वाचं. बाळ जिथे जन्मणार तिथला कायदा एक, तुम्ही जिथे राहता आणि जिथले नागरिक आहात तिथला कायदा दुसरा, आणि दोन्ही जुळले पाहिजेत. इटलीने २०२४ मध्ये आपल्या नागरिकांना परदेशात जाऊन सरोगसी करणंही गुन्हा ठरवलं. २००८ मध्ये एका जपानी जोडप्यासाठी गुजरातेत जन्मलेलं बाळ काही महिने इथेच अडकून पडलं होतं, कारण जन्माआधीच आईवडलांचा घटस्फोट झाला आणि बाळ कुणाचं, पासपोर्ट कुठला, याचं उत्तर दोन्हीकडच्या कायद्यात सापडेना. थायलंडने २०१५ मध्ये परदेशी पालकांसाठी दरवाजा बंद केला, आणि आधी सुरू झालेल्या केसेसचं काय हा घोर तिथल्या पालकांना लागला. म्हणून वकिलाला तीन गोष्टी लेखी विचारा: जन्मदाखल्यावर नाव कुणाचं येणार, पालकत्वाचा कोर्टाचा आदेश जन्माआधी मिळतो की नंतर, आणि बाळाला घेऊन घरी यायला कुठली कागदपत्रं लागतात. डोनरचं बीज किंवा शुक्राणू वापरणार असाल, सिंगल असाल किंवा तुमचं लग्न कायद्याने झालेलं नसेल तर या उत्तरांमध्ये फरक पडतो, तेव्हा वकिलापासून काही लपवू नका.

आणि एखादी एजन्सी म्हणाली की सरोगेट एका देशातली, ट्रान्सफर (एम्ब्रियो तिच्या गर्भाशयात ठेवणं) दुसऱ्या देशात, डिलिव्हरी तिसऱ्या देशात, म्हणजे कायद्याची अडचण येत नाही, तर सरळ उठा. अडचण येत नाही असं नसतं, अडचण आली की तुम्ही आणि ती बाई परक्या देशात एकटे असता.

कसली एजन्सी हवी ते ठरवा

काही एजन्सीज फुल सर्व्हिस असतात, शोधण्यापासून बाळ घरी जाईपर्यंत सगळं. काही नुसतं मॅच करून देतात, पुढचं तुम्ही आणि क्लिनिक बघा. काही क्लिनिकचाच भाग असतात, आणि काही वकिलांच्या फर्ममधून चालतात. एजन्सीशिवाय, ओळखीतली किंवा नात्यातली बाई तयार असेल तर स्वतंत्रपणे करणारेही आहेत, पण त्यांना एस्क्रो, वकील, सायकॉलॉजिस्ट, इन्शुरन्स हे सगळं स्वतः उभं करावं लागतं.

पहिल्यांदाच करताय, लांब राहताय, नोकरीतून वेळ मिळत नाही, तर फुल सर्व्हिसच घ्या असं माझं मत आहे. क्लिनिकमधल्याच एजन्सीत एक धोका लक्षात ठेवा, सरोगेट मेडिकली फिट आहे की नाही हे ठरवणारा आणि ती मॅच झाली की पैसे मिळणारा एकच असतो. तसंच वकिलाच्या एजन्सीत तोच वकील तुमचा करार करणार असेल तर तो एजन्सीची फी आणि तुमचं हित यात कुठे उभा राहील, ते आधी विचारून घ्या.

नावं गोळा करणं

गूगलवर सर्वात वर दिसणारी नावं म्हणजे जाहिरातीवर सर्वात जास्त खर्च करणारी नावं, त्यापलीकडे त्याला अर्थ नाही. नावं तीन ठिकाणाहून घ्या. एक, तुमच्या वकिलाकडून, कारण कुठल्या एजन्सीच्या केसेस भांडणापर्यंत जातात ते त्याला माहिती असतं. दोन, तुमच्या फर्टिलिटी क्लिनिकच्या नर्स किंवा कोऑर्डिनेटरकडून, डॉक्टरांकडून नव्हे. नर्सला असं विचारा की कुठल्या एजन्सीकडून आलेल्या सरोगेट्स तुमच्याकडच्या मेडिकल तपासणीत पहिल्याच फटक्यात पास होतात आणि कुठल्या एजन्सीच्या सारख्या परत जातात. हे उत्तर सोन्यासारखं आहे, कारण जी एजन्सी आधी नीट तपासून पाठवते तिच्याच बायका पास होतात, बाकीच्या एजन्सीज क्लिनिकच्या खर्चात म्हणजे तुमच्या खर्चात चाळणी लावतात. तीन, आधी या वाटेने गेलेल्या पालकांकडून.

अमेरिकेतली एजन्सी असेल तर ती सीड्स, म्हणजे सोसायटी फॉर एथिक्स इन एग डोनेशन अँड सरोगसी, या संस्थेची सभासद आहे का तेही बघा. सभासदत्व म्हणजे गॅरंटी नाही, पण काही नियम पाळायचं लेखी कबूल केलंय एवढा अर्थ तरी होतो. कंपनीच्या नोंदणीचे कागद, मालक कोण, किती वर्षं चालू आहे, कोर्टात केसेस आहेत का, हे तासाभरात बघून होतं आणि तरी लोक बघत नाहीत.

तीन-चार नावं पुरेत. दहा एजन्सीजशी बोललात तर डोकं भंजाळेल आणि शेवटी जिने फोन सर्वात जास्त केले तिच्याकडे जाल.

पहिला कॉल: स्क्रीनिंगवरून सुरू करा

पहिल्या कॉलमध्ये एजन्सी तुम्हाला आपली गोष्ट सांगायला लावेल. सांगा, पण मग विषय स्क्रीनिंगवर, म्हणजे सरोगेटच्या तपासणीवर आणा.

अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना बहुतेक चांगल्या एजन्सीज पाया म्हणून धरतात. सरोगेटचं वय २१ ते ४५, किमान एक पूर्ण दिवसांची, गुंतागुंत न झालेली प्रेग्नन्सी झालेली, शक्यतो एकूण पाचपेक्षा जास्त डिलिव्हऱ्या नाहीत आणि तीनपेक्षा जास्त सीझर नाहीत, आणि मानसिक तपासणी या क्षेत्रातल्या तज्ज्ञाकडून. एजन्सीचे नियम याहून कडक असले तर उत्तमच, सैल असले तर का ते विचारा.

पण नियम वेबसाइटवर सगळ्यांचे सारखेच दिसतात, खरा फरक पडतो तो कुठली तपासणी कधी होते यावर. प्रश्न असा विचारा: "प्रोफाइल आम्हाला दाखवता तेव्हा तिचं नक्की काय काय झालेलं असतं?" चांगली एजन्सी सांगेल की तिच्या आधीच्या सगळ्या डिलिव्हऱ्यांचे हॉस्पिटलचे रेकॉर्ड मागवून वाचले गेलेत, घरातल्या सगळ्या प्रौढ माणसांचा पोलीस रेकॉर्ड तपासला, घरी जाऊन किंवा व्हिडिओवर घर बघितलं, नवरा किंवा पार्टनर यांच्याशी वेगळं बोलणं झालं, मानसिक तपासणी झाली, तिच्या इन्शुरन्स पॉलिसीचे कागद पाहिले, आणि ती घरखर्चासाठी फक्त याच पैशांवर अवलंबून नाही याची खात्री केली. कच्ची एजन्सी सांगेल की तिने फॉर्म भरलाय, फोटो पाठवलेत, खूप गोड मुलगी आहे, बाकीचं मॅच झाल्यावर करू. या दुसऱ्या प्रकारात तुम्ही तिच्यात मनाने गुंतता, नावं ठरवायला लागता, आणि मग सहा आठवड्यांनी कळतं की तिला मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला धोकादायक हाय ब्लड प्रेशर) झाला होता, जे पहिल्या दिवशी रेकॉर्डमध्ये दिसलं असतं.

वेटिंगबद्दल विचारताना शब्द नीट धरा. "आमच्याकडे चार महिन्यांत मॅच होतो" याला काही अर्थ नाही, चार महिने कधीपासून कधीपर्यंत? सही केल्यापासून पहिली प्रोफाइल दिसेपर्यंत, की सरोगेटला क्लिनिकने हिरवा कंदील देईपर्यंत? दुसरा आकडाच कामाचा. सही ते बाळ असा सगळा प्रवास सुरळीत गेला तरी साधारण दीड ते दोन वर्षं धरून चाला, यापेक्षा फार कमी सांगणारा एकतर नशीबवान केसेसचं सांगतोय किंवा स्क्रीनिंग गाळतोय.

एका कोऑर्डिनेटरकडे एका वेळी किती केसेस असतात, ती सुट्टीवर गेली तर कोण, रात्री दोनला सरोगेटला ब्लीडिंग झालं तर ती कुणाला फोन करते, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाला समोरची व्यक्ती अडखळली तर मला तरी उत्तर मिळालं असं मी धरतो.

सरोगेटला कशी वागवतात

हा भाग लोक वगळतात कारण त्यांना वाटतं ती एजन्सीची आणि सरोगेटची बाब आहे. तसं अजिबात नाही. नऊ महिने एक बाई तुमच्यासाठी इंजेक्शनं घेणार, उलट्या काढणार, पोटात बाळ वाढवणार, तिच्या स्वतःच्या जिवाची जोखीम घेणार. ती दबावाखाली, घाबरून किंवा अर्धवट माहितीवर यात उतरली असेल तर माणूस म्हणून ते वाईट आहेच, आणि तुमच्या बाळाच्या दृष्टीनेही वाईट आहे.

तर बघायचं हे. तिला स्वतःचा वेगळा वकील आहे का, आणि तो तिने निवडलाय का? फी तुम्ही भरायची पण वकील तिचा, एकच वकील दोघांचं बघतो म्हणणारी एजन्सी नकोच. करार होण्याआधी औषधं सुरू करत नाहीत ना? प्रेग्नन्सीत तिच्या शरीराबद्दलचे वैद्यकीय निर्णय तिचे, हे एजन्सी स्पष्ट म्हणते का? न्यूयॉर्कच्या कायद्यात तर सरोगेटच्या हक्कांची वेगळी सनदच आहे, तिचा आरोग्य विमा, तिचा वकील, तिचे वैद्यकीय निर्णय, सगळं त्यात येतं. तुमची एजन्सी दुसरीकडची असली तरी ती सनद एकदा वाचा आणि त्यातल्या किती गोष्टी इथे पाळतात ते विचारा.

"तुम्हाला पाहिजे ते सगळं आम्ही तिच्याकडून पाळून घेऊ, काय खायचं, कुठे जायचं, सगळं" असं विकणारी एजन्सी ऐकायला बरी वाटते, पण तिथे सरोगेट टिकत नाहीत आणि टिकतात त्या खरं सांगत नाहीत. तसंच दोन एम्ब्रियो टाकून जुळी करू, एका खर्चात दोन मुलं, असं सुचवणारी. जुळ्यांमध्ये वेळेआधी डिलिव्हरीचा आणि आईच्या गुंतागुंतीचा धोका बराच वाढतो, म्हणूनच सरोगेटमध्ये एका वेळी एकच एम्ब्रियो टाकायची शिफारस आहे.

पालकांचे रेफरन्स सगळेच देतात, तुम्ही आधीच्या सरोगेटशी बोलायला मागा, आणि शक्यतो जिची ट्रान्सफर फेल गेली किंवा मिसकॅरेज झालं अशीशी. मी एकीशी बोललो तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली ती मला आजही एजन्सी जोखताना आठवते. तिचं दहाव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं, त्या दिवशी कोऑर्डिनेटरचा फोन आला, आणि पहिलं वाक्य होतं "तू कशी आहेस, घरी कोण आहे तुझ्याजवळ", मुलं सांभाळायला माणूस पाठवू का, तुझे राहिलेले पैसे शुक्रवारी जमा होतील, आणि पुढचं काही आज बोलायचं नाही. तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या एजन्सीकडून अशाच दिवशी ईमेल आला होता, पुन्हा ट्रान्सफरसाठी तयार असल्यास सोबतचा फॉर्म भरा.

पैसे: इथे घाई म्हणजे नुकसान

सरोगेटचा मोबदला आणि खर्च एस्क्रो खात्यात राहतात, म्हणजे तिसऱ्या, तटस्थ माणसाकडे, आणि करारात ठरल्याप्रमाणे तिथून सुटतात. यामागचं कारण फार कडू अनुभवातून आलंय. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातली एक एजन्सी बुडाली तेव्हा पालकांचे पैसे गायब झाले, काही सरोगेट्स त्या वेळी गरोदर होत्या, आणि स्वतंत्र म्हणून सांगितलेली एस्क्रो कंपनी त्याच एजन्सीच्या मालकिणीशी जोडलेली निघाली, पुढे तिला तुरुंगवास झाला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला की एजन्सीने पालकांचे पैसे बॉण्ड (पैसे बुडाले तर भरपाईची हमी) असलेल्या स्वतंत्र एस्क्रोत किंवा वकिलाच्या ट्रस्ट खात्यातच ठेवायला लावायचे, आणि त्या एस्क्रो कंपनीत एजन्सीचा आर्थिक हितसंबंध नको. २०२४ मध्ये पुन्हा तेच, ह्युस्टनमधल्या एका एस्क्रो कंपनीतले पैसे मिळेनासे झाले आणि एफबीआयला पीडित पालकांची माहिती गोळा करावी लागली. या वेळी एजन्सीज चांगल्या होत्या, एस्क्रोच कच्ची निघाली. म्हणून एजन्सीइतकीच चौकशी एस्क्रोची करा.

मालक कोण, एजन्सीशी नातं काय, लायसन्स आणि बॉण्ड आहे का आणि बॉण्ड कितीचा, प्रत्येक पालकाचा हिशोब वेगळा ठेवतात का, दर वर्षी बाहेरचा ऑडिट होतो का, आणि तुम्हाला ऑनलाइन स्टेटमेंट कधीही दिसतं का. स्टेटमेंटचा नमुना मागा. त्यात तारीख, रक्कम, कशासाठी आणि कुणाच्या मंजुरीने हे चार रकाने दिसले पाहिजेत. "इतर खर्च" अशा ओळी भरपूर असतील तर ते खातं तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता फी शीट. एजन्सी एक आकडा सांगते, तो कधीच शेवटचा नसतो, म्हणून शीट घेऊन पेन्सिल हातात धरून बसा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, हे नक्की होणार की झालं तर होणार. एजन्सीची फी, दोन्ही वकील, सरोगेटचा मूळ मोबदला, महिन्याचा भत्ता, एस्क्रोची फी, मानसिक तपासणी, हे नक्की. ट्रान्सफर पुन्हा करावी लागली तर, सीझर झालं तर, डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली आणि तिचा पगार बुडाला तर, तिच्या मुलांसाठी माणूस ठेवावा लागला तर, तिचं गर्भाशय गमवायची वेळ आली तर, हे सगळं झालं तर. दुसऱ्या यादीची बेरीज वेगळी करा आणि निदान अर्धी तरी हाताशी ठेवा. ज्या एजन्सीच्या शीटवर ही दुसरी यादी नाहीच ती स्वस्त दिसते, आणि मग चौथ्या महिन्यात फोन येतो.

रीमॅचचं, म्हणजे दुसरी सरोगेट मिळण्याचं, कलम सर्वात आधी वाचा. सरोगेट मेडिकलमध्ये नापास झाली, तिने माघार घेतली, तीन ट्रान्सफर फेल गेल्या, तर दुसरी सरोगेट द्यायला फी परत लागते का? कितीदा फुकट? तुम्हीच थांबायचं ठरवलंत तर किती परत मिळतात आणि किती दिवसांत? "बाळ हातात येईपर्यंत गॅरंटी" अशी पॅकेजेस असतात, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एम्ब्रियो त्यांच्याच क्लिनिकमध्ये बनवायचे, ठरावीक वयाच्या डोनरचे, गुणसूत्रांची तपासणी झालेले, वगैरे. काहींना ते परवडतं, पण गॅरंटी पैशांची असते, बाळाची कुणीच देऊ शकत नाही, आणि देतो म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

एजन्सीच्या फीचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले हवेत, थोडे सहीला, थोडे मॅचला, थोडे करार झाल्यावर, उरलेले हार्टबीट दिसल्यावर. सगळी फी पहिल्या दिवशी मागणाऱ्याला तुमचं काम लवकर करायचं काही कारणच उरत नाही.

इन्शुरन्स

अमेरिकेत करत असाल तर हा मोठा खड्डा आहे. बऱ्याच हेल्थ पॉलिसीजमध्ये सरोगेट म्हणून असलेली प्रेग्नन्सी वगळलेली असते, आणि काहींमध्ये वगळलेली नसली तरी कंपनी नंतर सरोगेटच्या मोबदल्यातून पैसे वसूल करू शकते असं कलम असतं. एजन्सीने पॉलिसी वाचून घेतली म्हणजे कुणी वाचली, त्यांच्या ऑफिसातल्या कुणी की सरोगसी इन्शुरन्सच्या तज्ज्ञाने? लेखी रिपोर्ट मागा. नवीन पॉलिसी घ्यायची तर ती ठरावीक मुदतीतच घेता येते, त्यामुळे ट्रान्सफरची तारीख त्या हिशोबाने बसवावी लागते. आणि बाळाचा इन्शुरन्स वेगळा, सरोगेटच्या पॉलिसीत बाळ येत नाही. परदेशातून येणाऱ्या पालकांनी हे पहिल्याच कॉलला विचारावं, बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलं तर ते बिल तुमचं असतं.

एम्ब्रियो आधीच फ्रीज करून ठेवलेले असतील तर आणखी एक, अमेरिकेत सरोगेटमध्ये ट्रान्सफर करायला ज्यांचं बीज आणि शुक्राणू वापरलेत त्यांच्या संसर्गजन्य आजारांच्या तपासण्या एफडीएच्या (तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या) नियमांप्रमाणे लागतात. स्वतःसाठी म्हणून एम्ब्रियो केलेले असताना त्या बहुतेक वेळा झालेल्या नसतात. त्यावर मार्ग निघतो, पण एजन्सीने आणि क्लिनिकने ते आधी सांगितलं पाहिजे.

करारावर सही करायच्या आधी

दोन करार असतात ते वेगळे धरा. एक तुमचा आणि एजन्सीचा, दुसरा तुमचा आणि सरोगेटचा. लोक दुसरा वकिलाला दाखवतात आणि पहिला तसाच सही करतात, पण पैसे अडकतात ते बहुतेक पहिल्यातच. दोन्ही दाखवा, आणि एजन्सीचा करार घरी न्यायला, दोन आठवडे ठेवायला मिळत नसेल, "ही ऑफर शुक्रवारपर्यंतच" असं चाललं असेल, तर शुक्रवार जाऊ द्या.

सरोगेटशी करायच्या करारातल्या अवघड गोष्टींवर एजन्सी मॅच व्हायच्या आधी बोलते का ते बघा. बाळात गंभीर दोष आढळला तर गर्भपाताबद्दल दोघांचं काय मत आहे, किती एम्ब्रियो, डिलिव्हरीला खोलीत कोण असेल, नंतर संबंध किती ठेवायचा, तिला दूध काढून द्यायचं आहे का, आणि मधल्या काळात तुम्हा दोघांनाच काही झालं तर बाळाला कोण सांभाळणार. शेवटच्यासाठी मृत्युपत्र आणि पालक नेमण्याचा कागद ट्रान्सफरच्या आधी तयार हवा. २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा युक्रेनमध्ये डझनावारी बाळं हॉटेलात नर्सेसच्या ताब्यात पालकांची वाट बघत होती, म्हणून तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर बाळ कुणाकडे जाणार तेही लिहून ठेवा, नावानिशी.

मग पहिली प्रोफाइल येईल. ती आली की आनंद होऊ द्या, पण चोवीस तासांत हो म्हणायचं बंधन घेऊ नका. तुमच्या क्लिनिकच्या डॉक्टरांना तिचे डिलिव्हरीचे रेकॉर्ड आधी दाखवा, मग व्हिडिओ कॉल, आणि त्या कॉलवर तिला हे का करायचंय आणि तिच्या घरच्यांना काय वाटतं ते तिच्या तोंडून ऐका, एजन्सीच्या बाईंना मध्ये बोलू न देता. जमलं नाही तर नाही म्हणा, एजन्सीने कारण विचारून पुढची प्रोफाइल पाठवायला हवी. तुमच्या नकारावर ती नाराज झाली, यादीत मागे टाकू म्हणाली, तर करारातली पैसे परत मागायची मुदत किती उरली आहे ते त्याच दिवशी काढून बघा आणि वकिलाला मेल टाका.